झालं, बघ

१

आमच्या घरात रिमोट माझ्या हातात असायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ते एक काम होतं आणि ते मला जमायचं.

टीव्हीखाली एक काळी डबी आहे, साबणाच्या वडीएवढी. खोक्यावर तिचं ‘मीडिया प्लेअर’ असं भारदस्त नाव छापलं होतं, पण घरात सगळे तिला डबीच म्हणतात. बायकोनं ती स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच आणली, कारण माझ्यावर विसंबून राहिली तर मी पुन्हा एखादी टॉर्च आणेन याची तिला खात्री होती. डबीत सिनेमे, मालिका, कार्टून, गाण्यांचे कार्यक्रम, म्हणाल ते. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही पडदे ओढायचो आणि सोफ्यावर ओळीनं बसायचो. एका टोकाला अप्पा, म्हणजे माझे सासरे, मग बायको, मग मी आणि माझ्या कुशीत मुंगी. मुंगी म्हणजे आमची मुलगी. शाळेत तिला चांगलं ठसठशीत नाव आहे, पण रांगायला लागल्यापासून ती सारखी कुठून तरी कुठे तरी निघालेली असते, म्हणून मुंगी.

मुंगीला मारामारी सोसत नाही. पडद्यावर कुणी कुणावर हात उगारला की ती “पुढे!” असं ओरडते आणि उशीत तोंड खुपसते. मग मी बटण दाबायचं. गोल बाणाचं बटण आहे, दाबलं की चित्र थोडी उडी मारून पुढे जातं. मारामारी लांबली तर पुन्हा दाबायचं. ती सरली की मी म्हणायचं, “झालं, बघ,” आणि मग मुंगीनं तोंड वर काढायचं. झालं म्हटल्याशिवाय बघायचं नाही हा नियम मीच घातला होता. एकदा ती घाईनं आधीच वर बघून बसली आणि नेमका कुणाच्या तरी डोक्यात दगड पडला. त्यानंतर कितीतरी दिवस ती बाथरूमलासुद्धा एकटी जात नव्हती.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. मजला आल्याशिवाय लिफ्टचं दार उघडता कामा नये, आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. घरीही मी तेच करत होतो आणि त्यात पार तरबेज झालो होतो. संगीत जरा बदललं, कुणी कोट काढून खुर्चीवर टाकला, की माझा अंगठा बटणावर गेलाच.

यातून एक खेळ निघाला. हीरो दार ढकलून आत जातो, मी बटण दाबतो आणि पुढच्या दृश्यात तो दवाखान्यात पडलेला. मग अप्पा आम्हा सगळ्यांकडे बघून विचारायचे, “सांगा, मधलं काय झालं?” आणि प्रत्येकानं काहीतरी ठोकून द्यायचं. “केळ्याच्या सालीवरून घसरला,” मुंगी म्हणायची. “बायकोला न विचारता मित्रांना जेवायला घेऊन आला,” माझी बायको म्हणायची आणि मला कोपर मारायची. इतके सिनेमे बघून आम्ही एकही मारामारी पूर्ण पाहिलेली नव्हती आणि त्यावाचून आमचं काही अडलं नव्हतं.

२

त्या रविवारी सिनेमा दोन भावांचा होता. थोरला धाकट्याला गोदामात गाठतो आणि शटर खाली ओढतो. मुंगी उशीत गेली, मी बटण दाबलं. दोघे भाऊ नदीकाठी बसलेले, धाकट्याच्या डोक्याला पट्टी.

“झालं, बघ,” मी म्हणालो.

मुंगी वर आली ती कपाळाला आठ्या घालूनच. “बाबा, तू हल्ली नीट पुढे घेत नाहीस.”

“घेतलं की. एका दमात.”

“मग आवाज किती वेळ येतो!”

“कसला?”

“मारायचा.”

अप्पा हसले. उशीत कान दाबले गेले की स्वतःचंच रक्त कानात वाजतं, असं त्यांनी तिला समजावलं. मुंगीला ते पटलं नाही, पण पुढे नदीत होडी आली आणि ती त्यात रमली.

“अरे, माझ्या कपाचा कान कुठे गेला?” बायको म्हणाली.

तिच्या हातात नुसता कप होता, कान तुटलेला. चहा जमिनीवर सांडला होता आणि तिथून भिंतीपर्यंत त्याचा फटकारा गेला होता. तिनं हात उलटा केला तर तळव्यावर लांब चीर आणि तिच्यातून रक्त येत होतं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कुठलीही गोष्ट नाकाजवळ धरून निरखायची तिला सवय आहे. तिनं तळवा तसा निरखला.

“कांदा चिरताना कापलं असेल,” ती म्हणाली.

“कांदा मी चिरला होता.”

“मग तुझ्यामुळेच कापलं असेल,” ती म्हणाली आणि आम्ही हसलो. मी कापूस आणायला उठलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला धाप लागली आहे. लिफ्ट बंद म्हणून सगळे जिने चढून आल्यासारखी छाती उडत होती. जेवण अंगावर आलं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि कापूस शोधत राहिलो.

३

पुढच्या रविवारी अप्पांच्या चष्म्याची दांडी वाकली. त्याच्या पुढच्या रविवारी कपाटाच्या दाराला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, खोक पडली आणि खोकेत दोन पांढरे केस अडकलेले दिसले. बायकोच्या दंडावर काळंनिळं झालं. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे काहीतरी उत्तर होतं. अप्पा चष्मा नाकावर ठेवूनच पेंगतात. कपाट सरकवताना कुणीतरी आपटलं. बायकोला दुकानातल्या काउंटरचा कोपरा लागतो, नेहमीच लागतो. माणूस एकदा समजूत काढायला बसला की त्याला काही कमी पडत नाही. बंद पडलेल्या लिफ्टबद्दल इमारतीतली माणसं मला अशीच कारणं सांगतात, आणि मी त्यांना हसतो.

मुंगी मात्र दर वेळी तक्रार करायची. “आज तर किती वेळ! तू बटण दाबायला विसरलास ना?”

अप्पांनी ‘मधलं काय झालं’ विचारणं सोडलं. 

मग तो रविवार आला. मी “झालं, बघ” म्हणालो. पडद्यावर लग्नाची वरात होती, अप्पा काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडू गेले आणि शब्दाऐवजी रक्त बाहेर आलं. सदऱ्यावर पडलं, मांडीवर पडलं. बायकोनं ओरडून पदर त्यांच्या तोंडाला लावला. मी टेबलाखाली वाकलो तर तिथे त्यांची दाढ पडली होती, मुळासकट.

“हलतच होती मेली,” अप्पा पदराआडून म्हणाले. मुंगी बघत होती म्हणून म्हणाले. आदल्याच दिवशी त्यांनी त्याच दाढेनं सुपारी फोडली होती.

मी दाढ उचलली तेव्हा बायको माझ्या हाताकडे बघत होती. माझे हात नेहमीच सोललेले असतात. तारा, पत्रे, नट, कशानं ना कशानं कातडी निघतेच. पण त्या दिवशी रविवार होता, मी कामावर गेलो नव्हतो, आणि उजव्या हाताच्या पेरांवरचं रक्त ओलं होतं.

४

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिनं दार लोटलं. ब्लाउजचा गळा बाजूला ओढून तिनं मान दाखवली. मानेवर बोटं उमटली होती. तिनं स्वतःची बोटं त्या वळांवर ठेवली, ती पुरली नाहीत. मग माझा हात धरून माझी ठेवली.

माझी बरोब्बर बसली.

“मी नाही केलं हे,” मी म्हणालो.

“आठवत नाही म्हण.”

“आठवत नाही. पण हे बघ.” मी बाही वर केली. माझ्या दंडावर दातांचे ठसे होते, खोल, कडेनं हिरवे पडलेले. “हे तुझे आहेत. तुला आठवतंय?”

तिनं माझा दंड नाकाजवळ ओढून निरखला. “मी चावले असेन तर उगाच चावणार नाही,” ती म्हणाली.

 आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. निदान मला तसं आठवत होतं, आणि आता आठवणीला कुणी विचारत नव्हतं.

मी एक गोष्ट आधीच करून बसलो होतो, ती तिला सांगितली. कपाटावर मी गुपचूप फोन लावून ठेवला होता, खोलीचं चित्रण करायला. वरात संपल्यावर तो शोधला तेव्हा बेसिनमध्ये सापडला. त्याचा चुरा झाला होता, अगदी काच, पत्रा वेगळं करता येऊ नये इतका.

“म्हणजे कुणीतरी तो तिथे नेऊन ठेचला,” ती म्हणाली.

“हो.”

“फोन तिथे आहे हे कुणाला माहीत होतं?”

 मग जाऊन डबीची वायर उपटली, डबी माळ्यावर टाकली आणि परत येऊन म्हणालो, “संपलं. आता बघायचंच नाही.”

“डबी माळ्यावर ठेवलीस,” ती म्हणाली. “हात कुठे ठेवणार आहेस?”

मुंगीची आठवड्याची शाळा संपली की ती मुंगीला आणि अप्पांना घेऊन तिच्या बहिणीकडे जाणार होती. शनिवार-रविवारपुरतं नव्हे, कायमचं. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे तसं बघितलं जसं लोक वायर लोंबणाऱ्या लिफ्टकडे बघतात, आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं.

५

सोमवारी मुंगीला शाळेत सोडायला निघालो. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी स्टॉपचं बटण दाबलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे उभी केली. दुसरं कुठलं मूल असतं तर किंचाळलं असतं. मुंगी आरशात स्वतःची वेणी बघत राहिली. तिला लिफ्टची भीती नाही, बाबा दुरुस्त करतो म्हणून.

“मुंगे, रविवारी उशीत असतेस ना, तेव्हा तुला काय काय ऐकू येतं?”

“मारामारी.”

“कशी?”

तिनं विचार केला. “आधी तू उठतोस.”

“मी उठतो?”

“हो. मग मला इथे गार लागतं.” तिनं स्वतःच्या कुशीवर हात ठेवला. “मग सोफा हलतो. मग धप धप. आजोबा ‘आं’ करतात. आईच्या चपला घासतात. मग गुळण्या केल्यासारखं कुणीतरी करतं.”

“आणि मी?”

“तू काहीच बोलत नाहीस. तुझा नुसता श्वास येतो. मग तू परत येऊन बसतोस, मला जवळ घेतोस आणि म्हणतोस, झालं, बघ.”

लिफ्टचा पंखा फिरत होता. त्याचं बेअरिंग वाजत होतं, बदलायला झालं होतं. मी त्या आवाजाकडे लक्ष देत उभा राहिलो, कारण दुसऱ्या कशाकडे लक्ष देण्याची माझी हिंमत नव्हती.

“तू कधी बघितलंस?” मी विचारलं.

“नाही!” तिला राग आला. “तू झालं म्हटल्याशिवाय बघायचं नसतं ना?” मग ती म्हणाली, “ते सिनेमातलंच असतं ना, बाबा?”

“हो,” मी म्हणालो. “सिनेमातलंच.”

तिनं मान डोलावली आणि माझं बोट धरलं. माझ्या शब्दावर त्या पोरीचा इतका भरवसा होता. मी लिफ्ट खाली घेतली. माझा जीव नुसता जळत होता. मी जर खरंच तसा माणूस असेन, तर तिनं माझ्यापासून लांब असलं पाहिजे हे मला कळत होतं. आणि नसेन, तर ती जायच्या आत ते मला सिद्ध करायचं होतं.

६

शनिवारी बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या असताना मी बायकोला मुंगीचं बोलणं सांगितलं. अप्पाही होते. त्यांचा गाल अजून सुजलेला होता.

“एकदाच,” मी म्हणालो. “उद्या दुपारी. मुंगीला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पाठवू. बटण तू दाबायचं. मी मुंगीच्या जागी उशीत तोंड घालून पडतो. उशीत असणाऱ्याला ऐकू येतं. मी पडलेला असताना जर काही ऐकू आलं नाही, तर तो माणूस मी. तुम्ही निघा, मी अडवणार नाही.”

“आणि ऐकू आलं तर, जावईबापू?” अप्पांनी विचारलं.

बायकोनं बॅगा दारापासून बाजूला सरकवल्या.

रविवारी मी खोली रिकामी केली. कप, फुलदाणी, स्टूल, झाडूचा दांडा, जे जे हातात येण्यासारखं होतं ते आत नेलं. माझ्या हत्यारांच्या पिशवीला कुलूप लावून ती दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवली आणि किल्ली पँटच्या खिशात टाकली. मुंगीला वर सोडताना सांगितलं, “झालं की मी बोलावतो.” डबी माळ्यावरून काढून जोडली. पडदे मात्र ओढले नाहीत. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं आणि पाण्याचा पाइप वाजत होता.

बायकोनं दोन भावांचा तोच सिनेमा लावला. रिमोट तिनं दोन्ही हातांत धरला होता. अप्पांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मी मुंगीच्या उशीत तोंड घातलं. उशीला तिच्या केसांचा वास होता. थोरला भाऊ बोलला, धाकटा बोलला, शटर खडखडत खाली आलं.

“पुढे,” मी म्हणालो.

बटणाचा बारीक आवाज झाला आणि सिनेमाचा आवाज थांबला. नदी नाही, पाखरं नाहीत, काहीच नाही. फक्त खाली वाजणारा पाइप.

मग सोफा हलला. माझ्या शेजारची गादी वर आली. बायको उठली होती. मग पलीकडली गादी वर आली.

मी उठलो नव्हतो. मी पडलेलाच होतो, तोंड उशीत, हात छातीखाली दाबलेले. धप असा पहिला आवाज आला आणि मला रडू फुटलं, आनंदानं. मी नव्हतो! निदान मी एकटा तरी नव्हतो! मग अप्पा ‘आं’ म्हणाले आणि माझा आनंद जागच्या जागी मेला.

पडदा न बघणारी मुंगीच आजवर सुटली होती, म्हणून मी टीव्हीकडे पाठ ठेवून उठलो.

ती दोघं कपाटाशी उभी होती. दोघांचीही तोंडं टीव्हीकडे होती. माना मुरगळाव्या लागत होत्या, तरी नजर पडद्यावरून हलत नव्हती. गाण्याचा कार्यक्रम बघताना बायकोच्या चेहऱ्यावर असतं तेच मंद हसू होतं. अप्पा सुपारी चघळताना हलवतात तसा जबडा हलवायला बघत होते, पण बायकोची बोटं त्यांच्या तोंडात होती, मनगटापर्यंत गेली आहेत असं वाटावं इतकी आत, आणि ती जबडा खाली ओढत होती. अप्पांचा अंगठा तिच्या डाव्या डोळ्यात रुतत चालला होता. कुणाच्या तोंडावर राग नव्हता. हात स्वतःच्या कामाला लागले होते आणि माणसं सिनेमा बघत होती.

मी मधे घुसलो. अप्पांना धड जिना चढवत नाही, पण त्यांचा हात मला हलवता आला नाही. बायकोचं कोपर माझ्या नाकावर बसलं, आत काहीतरी मोडलं आणि तोंडात रक्त आलं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिच्या डोळ्याच्या कडेनं लाल धार लागली होती.

इतके रविवार हे कशानं थांबलं असेल, ते मला त्या घाईत एकच सुचलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, “झालं! झालं, बघ!”

काही थांबलं नाही.

मग डबीच बंद करायची. मी डोळे घट्ट मिटले आणि टीव्हीकडे सरकलो. लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये चाचपून काम करायची मला सवय आहे, बोटांना वायर कळते. टीव्हीमागे हात घातला. मागून माझ्या पाठीत लाथ बसली, पुन्हा बसली. हाताला वायरींचा गुंता लागला आणि कुठली डबीची, कुठली टीव्हीची, ते कळेना. चुकीची वायर ओढली तर काय होईल या भीतीनं मी क्षणभर डोळे उघडले.

पडद्यावर आमची खोली होती. टीव्हीतून बघावं तशी, समोरून. सोफा, त्यावर मुंगीची उशी, उशीवर माझ्या तोंडाचा ओला डाग. सोफ्यामागे घराचं दार उघडं होतं आणि दारात मुंगी उभी होती. खालचे आवाज ऐकून ती आली असणार. तिनं नियमाप्रमाणे दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले होते.

माझे शब्द तिनं ऐकले होते. ती हात खाली घेत होती.

७

दोघे भाऊ नदीकाठी बसलेले होते. पाखरं ओरडत होती.

मी जमिनीवर होतो. उजवा गुडघा भलतीकडेच वळलेला होता आणि मला धाप लागली होती. माझ्या हातात मोठा पाना होता. शेजारी माझी हत्यारांची पिशवी उघडी पडली होती. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्ली लावून उघडलेलं होतं आणि किल्ली त्यातच होती.

बायको सोफ्यावर बसली होती. एक डोळा मिटलेला, केस रक्तानं गालाला चिकटलेले. “वाचला बाई एकदाचा,” धाकट्या भावाकडे बघत ती म्हणाली. अजून तिनं इकडे तिकडे बघितलं नव्हतं. तिच्या पलीकडे अप्पा त्यांच्या जागेवर बसले होते. त्यांचं डोकं खांद्यावर कललं होतं, पेंगताना कलतं त्याहून खूप जास्त, आणि चष्मा त्यांच्या नाकावर नव्हता, कपाळात होता.

मी पान्याकडे बघितलं. त्याच्या तोंडाला पांढरे केस होते.

“अप्पा,” मी म्हणालो. “अप्पा, अहो.”

“बाबा.”

मुंगी माझ्या उशाशी उभी होती. तिच्या फ्रॉकवर शिंतोडे उडाले होते. तिला काही लागलं आहे का ते मी घाबरून बघितलं. कुठे जखम दिसली नाही. ती रडत नव्हती. तिनं रडावं असं मला वाटत होतं.

“तू झालं म्हणालास,” ती म्हणाली. “म्हणून मी बघितलं.”

“मुंगे, माझं ऐक. मला माहीत नव्हतं तू—”

“पण झालं नव्हतं.”

“काय बघितलंस?” मी विचारलं. “राणी, मी काय केलं?”

 अप्पांकडे एकदा बघून तिनं मान फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. मग ती वाकली. बायकोच्या पायाशी पडलेला रिमोट तिनं उचलला. त्यावरचं रक्त तिनं फ्रॉकला पुसलं, नीट, बटणं दिसतील असं.

“मला हे नकोय,” ती म्हणाली. “आता मी घेते पुढे.”

“नको! मुंगे, दाबू नकोस! टीव्हीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ!”

मी उठायला गेलो आणि गुडघ्यातून अशी कळ निघाली की खोली फिरली. पाना हातातून सुटला आणि तिच्या पायाशी जाऊन पडला. डोळ्यांत रक्त उतरत होतं, मला नीट दिसत नव्हतं. तिचा तळहात माझ्या डोळ्यांवर आला. लहान, गरम, थोडा चिकट. उशी हाताशी नसली की मी तिच्या डोळ्यांवर ठेवायचो तसा.

“डोळे मीट, बाबा,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत बघायचं नाही.”

बटणाचा बारीक आवाज झाला. पाखरं थांबली. माझ्या डोळ्यांवरून हात निघाला आणि तिथे गार लागलं.

सोफा हलला. बायको उठली. जमिनीवरून पाना उचलल्याचा आवाज आला, तो जड आहे, पोरीला दोन्ही हातांनी उचलावा लागला असेल. मग आईच्या चपला घासल्या. मग धप, धप. मुंगीचा श्वास मला ओळखू येतो, तिला ताप आला की मी उशाशी बसून तो ऐकलेला आहे.

मी डोळे मिटून पडलो आहे. ती अजून झालं म्हणालेली नाही.